मैदानावरचा घाम कागदावर उतरायला हवा : खेळाडू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीच्या वाटा



नववीची परीक्षा संपली की आपल्या भागात घरोघरी एक वाक्य ऐकू येतं. "आता खेळ बंद. दहावीचं वर्ष आहे." असं बोलणाऱ्या आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या, त्यातही कंत्राटावर असणाऱ्या माणसाला पोराचं शिक्षण म्हणजे एकमेव भरवशाची गोष्ट वाटते. "खेळून पोट भरतं का?" हा त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला भाषणातून नव्हे, माहितीतून उत्तर मिळायला हवं.

या लेखात तेच करू. शाळेत मनापासून खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पुढच्या शिक्षणासाठी खेळाचा उपयोग कसा होतो, कुठल्या वयात कुठलं दार उघडं असतं आणि त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी शिक्षक व पालकांनी काय करायचं, हे क्रमाने पाहू.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. 'स्पोर्ट्स स्कॉलरशिप' म्हटलं की एखादं कॉलेज येऊन मुलाला उचलून नेईल, सगळी फी भरेल, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे असं क्वचित होतं. आपल्याकडे खेळाचा फायदा तुकड्यातुकड्यांनी मिळतो. कुठे परीक्षेत वाढीव गुण, कुठे प्रवेशात राखीव जागा, कुठे मोफत राहणं-जेवण आणि प्रशिक्षण, कुठे महिन्याचा भत्ता, तर कुठे शेवटी नोकरी. हे तुकडे वेळच्या वेळी गोळा केले तर त्यांची बेरीज मोठी होते. एक जरी वेळेवर मागितला नाही, तर तो कायमचा जातो.

१. आधी स्पर्धेचा जिना समजून घेऊ

शासनाच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे दरवर्षी शालेय क्रीडा स्पर्धा होतात. वयोगट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. पायऱ्या अशा : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग शालेय राष्ट्रीय स्पर्धा.

आपल्या पट्ट्यात इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीतल्या शाळांची स्पर्धा वेगळी होते. महापालिका क्षेत्र हा जिल्ह्यासारखाच एक स्वतंत्र घटक धरला जातो आणि तिथला विजेता थेट विभागीय स्पर्धेला जातो. चाकणची शाळा मात्र खेड तालुक्यात मोडते. तिथलं मूल आधी तालुक्याला, मग पुणे जिल्ह्याला खेळतं आणि तिथे जिंकलं तर विभागाला जातं. मोशी आणि चाकण ही गावं शेजारशेजारची, पण जिना वेगळा. नोकरीमुळे घर बदलणाऱ्या कुटुंबांनी शाळा बदलताना हा फरक विचारात घ्यावा. हंगामाच्या मधे शाळा बदलली तर मुलाचं ते वर्ष वाया जाऊ शकतं.

पुणे विभागात पुण्याबरोबर अहिल्यानगर आणि सोलापूर हे जिल्हे येतात. म्हणजे विभागीय कुस्तीच्या आखाड्यात आपल्या भोसरीच्या पोरासमोर सोलापूरचा पैलवान उभा राहणार. तयारी त्या हिशेबाने हवी.

आता सर्वात महत्त्वाचं. या स्पर्धेत मूल स्वतःहून नाव देऊ शकत नाही. प्रवेशिका शाळेने भरायची असते, तीही ठरलेल्या मुदतीत. शाळेने नोंदणी केली नाही तर कितीही वेगाने धावणारी मुलगी घरीच बसते. पुढचं सगळं, म्हणजे गुण, प्रवेश, भत्ता, नोकरी, या एका नोंदणीवर उभं असतं. म्हणून पालकांनी जून-जुलैमध्येच शाळेत जाऊन विचारावं, "सर, यंदा कुठल्या खेळांत संघ पाठवणार आहात?" विचारणारा पालक दिसला की शाळाही हलते.

सीबीएसई शाळांच्या त्यांच्या मंडळाच्या क्लस्टर स्पर्धाही असतात. वाकड, रावेत, मोशी भागातल्या अशा शाळांतल्या पालकांनी आपलं मूल नेमकं कुठल्या स्पर्धेत उतरतंय आणि त्या प्रमाणपत्राचा उपयोग कुठे होतो, हे आधीच विचारून घ्यावं.

२. दहावी-बारावीचे गुण आणि अकरावीची जागा

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. स्पर्धेची पातळी आणि मिळवलेलं यश यानुसार ते ठरतात. कमाल मर्यादा २५ गुणांची. ६०० पैकी २५ म्हणजे जवळपास चार टक्के. अकरावीच्या प्रवेश यादीत अर्ध्या टक्क्याने कॉलेज हुकतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना चार टक्के म्हणजे काय ते सांगायला नको.

हे गुण आपोआप मिळत नाहीत. शाळेने प्रस्ताव तयार करायचा, प्रमाणपत्रं जोडायची, जिल्हा क्रीडा कार्यालयाने तपासून शिफारस करायची आणि मग तो मंडळाकडे जातो. कुठल्या इयत्तेतली कामगिरी धरायची, कुठल्या संघटनेची स्पर्धा मान्य, हे नियम शासन वेळोवेळी बदलतं. म्हणून मागच्या वर्षीच्या आठवणीवर न जाता त्या वर्षीचं परिपत्रक हातात घेऊनच प्रस्ताव करावा.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षणही असतं. अर्ज भरताना तो रकाना रिकामा सोडला, तर नंतर कॉलेजात प्रमाणपत्र दाखवून काही होत नाही.

आणखी एक खुलासा. क्रीडा गुण हे मंडळाच्या निकालात धरले जातात. सीईटी किंवा जेईईच्या गुणांत ते मिळवले जात नाहीत. इंजिनीअरिंगची स्वप्नं पाहणाऱ्या आपल्या भागातल्या पालकांनी हा हिशेब आधीच मनात पक्का करावा.

३. निवासी प्रशिक्षण : ८ ते १४ हे वय

खेळात काही करायचं तर दहावीनंतर पाहू, असं अनेकांना वाटतं. तोवर दोन मोठी दारं बंद झालेली असतात.

पहिलं दार राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचं. पुण्यात ती म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात आहे. राज्यात इतर ठिकाणीही प्रबोधिनी आहेत. साधारण ८ ते १४ वयाच्या मुलामुलींची उंची, वजन, लवचिकता, उडी, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव अशा चाचण्या घेऊन निवड होते. निवडलेल्या मुलांचं राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण शासन करतं. आधीच एखाद्या खेळात पदक मिळवलेल्या थोड्या मोठ्या मुलांसाठी कौशल्य चाचणीचा मार्गही असतो.

ही वाट कुठे जाते, याचं ताजं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला. नेमबाजी त्याला तिथे मिळाली. २०१५ मध्ये त्याला रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी लागली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक जिंकलं. वडील शिक्षक. नेमबाजीसारखा महागडा खेळ, रायफल आणि गोळ्यांचा खर्च, एका शिक्षकाच्या पगारात सुरू करणं सोपं नव्हतं. आधी प्रबोधिनी, मग नोकरी, मग ऑलिम्पिक असा हा क्रम आहे. पदक नसतं मिळालं तरी पहिले दोन टप्पे त्याच्या हातात होतेच, हे पालकांनी लक्षात घ्यावं.

दुसरं दार लष्कराचं. बॉईज स्पोर्ट्स कंपनीत ८ ते १४ वयाची मुलं चाचणी घेऊन निवडतात, शिकवतात, खेळवतात आणि पात्र ठरलेल्यांना पुढे सैन्यात भरती होता येतं. मुंढव्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आपल्याच शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे. आणि दापोडीच्या सीएमईमध्ये लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे, हे तर आपल्यातल्या अनेकांना रोज त्या भिंतीवरून बसने जाऊनही माहीत नसतं. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरला. त्याआधी त्याने वल्हं हातात धरलेलं नव्हतं. उंच आणि दणकट मुलगा वर्गात असेल तर त्याला फक्त कबड्डीच का, एवढा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारला तरी पुष्कळ.

घराजवळच्या सोयीही विसरू नयेत. भोसरीच्या इंद्रायणीनगरात संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलात सिंथेटिक धावपट्टी आहे. नेहरूनगरला मेजर ध्यानचंद हॉकी मैदान आहे, जिथे २०२१ मध्ये हॉकीची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीतून ऋतुराज गायकवाड पुढे आला. महापालिकेच्या क्रीडा विभागात खेळाडूंसाठी त्या वर्षी कुठलं अर्थसाहाय्य चालू आहे, याची चौकशी दरवर्षी करावी.

४. महिन्याचा भत्ता

केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये खिशात खर्चासाठी मिळतात. प्रशिक्षण, आहार, साहित्य, स्पर्धा हे सगळं धरून एका खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद योजनेत ठेवलेली होती. खेलो इंडिया युवा स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धांतल्या कामगिरीवरून ही निवड होते. २०१९ ची खेलो इंडिया स्पर्धा आपल्या बालेवाडीतच झाली आणि महाराष्ट्र पहिला आला.

त्याच्या पुढची पायरी ऑलिम्पिकच्या तयारीची 'टॉप्स' योजना. तिच्या विकास गटात महिन्याला २५,००० आणि मुख्य गटात ५०,००० रुपये मिळतात. तिथवर मोजकेच पोहोचतात. पण महिन्याचे दहा हजार हा आकडासुद्धा कंत्राटी कामगाराच्या घरात काय असतो, हे वेगळं सांगायला नको. "खेळ बंद" म्हणण्याआधी तो एकदा कागदावर लिहून पाहावा.

५. पदवीचा प्रवेश

बारावीनंतर खेळाडूंसाठी देशात बऱ्याच जागा आहेत.

दिल्ली विद्यापीठात खेळ आणि इतर कलागुण मिळून पाच टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा ठेवल्या जातात. सीयूईटीचे गुण, प्रमाणपत्रं आणि मैदानावरची चाचणी यांवर निवड होते. जालंधरजवळची लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटी, बंगळूरची जैन युनिव्हर्सिटी अशी काही खासगी विद्यापीठं राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंना फीमध्ये मोठी सूट देतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पदकं हवीत म्हणून ती खेळाडू शोधतच असतात. नीरज चोप्राही लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटीचाच विद्यार्थी.

इंजिनीअरिंगवर डोळा असणाऱ्यांसाठी एक नवीन गोष्ट. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी वेगळा प्रवेश सुरू केला. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अतिरिक्त जागा, त्यातली एक मुलींसाठी. अट अशी की जेईई अॅडव्हान्स्डच्या यादीत नाव हवंच आणि मागच्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक हवं. अट अवघड आहे, मान्य. पण देशातल्या एका अव्वल संस्थेने खेळ आणि अभ्यास दोन्ही सांभाळणाऱ्या मुलासाठी खास जागा काढली, याचा अर्थ आपण समजून घ्यायला हवा.

६. अमेरिकेची वाट

पूर्ण फी भरून शिकवणारी कॉलेजं प्रामुख्याने अमेरिकेत आहेत. तिथल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या डिव्हिजन एक आणि दोनमधली कॉलेजं खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, तशीच ती हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांतही नसते. तिथे आर्थिक गरजेनुसार मदत मिळते.

या वाटेने आपली माणसं गेली आहेत. पुण्यात घडलेली टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत सुवर्ण जिंकली. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर शिष्यवृत्तीवर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकला. तिथे त्याने २०१८ आणि २०२२ मध्ये कॉलेज अजिंक्यपद मिळवलं.

पण तीन गोष्टी पक्क्या समजून घ्या.

पहिली, खेळ कोणता ते महत्त्वाचं. अॅथलेटिक्स, पोहणे, टेनिस, गोल्फ यांना तिथे वाव आहे. हॉकी तिथे फक्त मुलींसाठी आहे. कबड्डी, खो-खो, क्रिकेट यांना एनसीएएमध्ये स्थान नाही.

दुसरी, तिथे नववीपासूनचे गुण मोजले जातात. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र अशा १६ मुख्य विषय-अभ्यासक्रमांत ठरावीक सरासरी हवी. डिव्हिजन एकसाठी ती चारपैकी २.३ आहे. म्हणजे आपल्याकडे 'नववीला कोण विचारतं' असं म्हणतात, ती नववी तिथे विचारली जाते.

तिसरी, मूल हौशी खेळाडू असायला हवं. एखाद्या व्यावसायिक संघाशी करार करून बसलं तर पात्रता धोक्यात येते.

"लाख-दोन लाख द्या, अमेरिकेची शिष्यवृत्ती नक्की मिळवून देतो," असं म्हणणारे एजंट भेटतील. शिष्यवृत्ती देण्याचा निर्णय तिथला प्रशिक्षक आणि विद्यापीठ घेतं. त्याची हमी एजंट देऊ शकत नाही. मुलाची अधिकृत स्पर्धेतली वेळ किंवा अंतर, खेळतानाचा व्हिडिओ आणि गुणपत्रकं जोडून त्या प्रशिक्षकाला थेट ईमेल करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

७. दिव्यांग विद्यार्थ्यांना विसरू नका

पॅरा खेळांना आज शासनमान्य स्पर्धा आणि बक्षिसं आहेत. खेलो इंडियाच्या पहिल्या पॅरा स्पर्धा डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत झाल्या. आपल्या औद्योगिक नगरीशी तर या खेळांचं जुनं नातं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं. त्यांनी पुण्याच्या टेल्कोत नोकरी केली. खेळाच्या तासाला एखादं मूल वर्गातच बसून राहत असेल, तर त्याच्यासाठीही एक स्पर्धा कुठेतरी आहे, हे शिक्षकाने शोधावं.

८. शिक्षकांचं आणि पालकांचं काम : एक फाईल

वरच्या सगळ्या वाटांवर एकच गोष्ट मागितली जाते, ती म्हणजे पुरावा. म्हणून प्रत्येक खेळाडू मुलाची एक फाईल सहावीपासून ठेवा. तिच्यात हे असावं :

- जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला. तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी. स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने प्रस्ताव परत येतात.
- प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र आणि त्याची स्कॅन प्रत. लॅमिनेशन करू नये. पडताळणीला मूळ कागद, सही-शिक्का नीट दिसावा लागतो.
- स्पर्धेचं ठिकाण, तारीख, वयोगट, निकाल आणि वेळ किंवा अंतर लिहिलेली वही.
- स्पर्धा कुणी भरवली आणि ती संघटना शासनमान्य आहे का, याची नोंद.
- दरवर्षीचं गुणपत्रक.

शेवटून दुसऱ्या मुद्द्याबद्दल थोडं अधिक. राज्यात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने त्याचे निकष नव्याने ठरवले. नोकरीआधी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या मिळवल्याचं उघडकीस आल्यावर ही तपासणी अधिक कडक झाली. पैसे घेऊन 'राष्ट्रीय' प्रमाणपत्र देणाऱ्या स्पर्धा गल्लोगल्ली आहेत. त्या चकचकीत कागदाची किंमत शून्य, आणि उद्या तोच कागद मुलावर गुन्हा दाखल व्हायला कारण ठरू शकतो. वय लपवणंही तसंच. चौदा वर्षांखालच्या गटात सोळा वर्षांचा मुलगा उतरवून मिळवलेलं पदक त्याच्या गळ्यात आयुष्यभर लोढणं होतं.

पालकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. खेळ निवडताना मुलाचा कल बघा, पण तो खेळ शासनाच्या मान्य यादीत आहे का, तेही बघा. आणि मुलींचा खेळ दहावीला थांबवू नका. वर पाहिलंत तसं, काही ठिकाणी मुलींसाठी खास जागा राखलेल्या आहेत. त्या भरायला मुली मैदानावर उरल्या पाहिजेत. संध्याकाळी उशिरा एकटीने येण्याची भीती असेल, तर चार घरच्या पालकांनी आळीपाळीने सोबत करावी. शिफ्ट वेगवेगळ्या असतात, तेव्हा कुणी ना कुणी मोकळं असतंच.

अभ्यासाचं काय? तो सोडायचा नाही. आयआयटीची जेईई असो, दिल्लीची सीयूईटी असो की अमेरिकेची नववी, प्रत्येक दारावर गुण विचारले जातात. शिवाय एक पाय मुरगळला, गुडघा दुखावला, तर खेळ थांबतो. त्या दिवशी हातात शिक्षण असायला हवं. सकाळी दीड तास मैदान आणि संध्याकाळी ठरलेला अभ्यास, असं वेळापत्रक सातवी-आठवीतच अंगवळणी पडलं तर दहावीला खेळ तोडावा लागत नाही. परीक्षेच्या दोन महिन्यांत सराव कमी करा, पण बंद करू नका.

शेवटी आपल्या शिक्षकांसाठी. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आज कुणा शिक्षकाला घर गहाण ठेवावं लागत नाही. सरकारची योजना आहे, राखीव जागा आहे, भत्ता आहे. शाळेची नोंदणी मुदतीत करणं, परिपत्रक वाचणं आणि प्रस्तावावर वेळेत सही करणं, एवढंच आपल्याकडून हवं आहे.

या आठवड्यात आपल्या वर्गातल्या खेळणाऱ्या मुलांची यादी काढा. प्रत्येकाच्या नावापुढे वय, खेळ आणि आजवरची सर्वात वरची पायरी लिहा. कुणाचं १४ वय उलटायला किती महिने उरलेत, ते पाहा. त्या मुलांच्या पालकांना आधी बोलवा.